शितोळे काकांच्या छातीत भरती चालू आहे

शितोळे काका पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही. मी टेम्पोतून उतरवलेली गादी खांद्यावर घेऊन इंदुरातल्या नव्या घराच्या पायऱ्या चढत होतो. शेजारच्या ओट्यावरून एक उंच, हाडकुळे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ खाली आले. त्यांनी माझ्या खांद्यावरची गादी काढून कठड्याला टेकवली, माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि माझा उजवा कान आपल्या छातीला लावला.

"ऐका," ते म्हणाले. "काय ऐकू येतं?"

मी घाबरून म्हटलं, काही नाही.

"काही नाही ना? हेच. दिवाळीच्या टायमाला आला असतात ना भिया, तर आत पूर्ण लूम चालू होता. खडखड, खडखड. आता बघा, एकदम शांती."

मग त्यांनी माझं डोकं मला परत दिलं आणि आपलं नाव सांगितलं. मी कांबळे, वीज खात्यात क्लार्क, मूळचा महूचा, आजोबा पलटणीत होते, एवढं सांगेपर्यंत ते पुढच्या माणसाकडे वळले होते. तो टेम्पोवाला होता. त्यानं निमूटपणे कान पुढे केला. त्याला अनुभव असावा.

अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या आमच्या गल्लीत ज्याचा कान काकांच्या छातीला लागला नाही असा पुरुष सापडणं अवघड होतं. दूधवाला, पोस्टमन, गॅसवाला, मतं मागायला आलेला उमेदवार, सगळे त्यातून गेले होते. बायकांना मात्र ते तोंडी रिपोर्ट देत. "वहिनी, आज डावी बाजू फर्स्ट क्लास," असं ते माझ्या बायकोला, रंजनाला, रोज सकाळी सांगत. पहिले काही दिवस ती दचकायची. मग तीही "आणि उजवी?" असं विचारायला लागली.

काका कापडाच्या मिलमध्ये लूम खात्यात जॉबर होते. म्हणजे माग बिघडला की तो लावून देणारे आणि माग चालवणाऱ्यांवर डाफरणारे. कोणती मिल ते महत्त्वाचं नाही, त्या वर्षांत इंदुरात सगळ्या मिलांची गोष्ट एकच होती. एका सकाळी फाटकाला कुलूप लागलं आणि कुलपाशेजारी कागद लागला. कागदावर इंग्रजी होतं, त्यामुळे निम्म्या लोकांना वाटलं की आज सुट्टी आहे. ती सुट्टी संपलीच नाही.

काका फार वर्षं बिड्या ओढत आले होते. आता यात बिडीचं काय, तर काकांचं म्हणणं असं की बिडी ही सुट्टीची चीज. लूम खात्यात कापूस उडतो, तिथं काडी ओढली तर माणसाला फाटकाबाहेर काढत. म्हणून बिडी फक्त चहाच्या सुट्टीत, लिंबाखाली. मिल बंद झाली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत चहाचीच सुट्टी झाली. "मिलची ड्यूटी गेली आणि बिडीची ड्यूटी डबल झाली," असं ते सांगत. काकू त्याआधीच्या उन्हाळ्यात वारल्या होत्या. मुलगा पुण्याला कंपनीत लागला होता. घरात काका, बंडलं आणि काड्यापेट्या.

त्या हिवाळ्यात ते मंदिरापर्यंत चालत गेले आणि वाटेत दोनदा बसले. दुसऱ्यांदा ज्या पायरीवर बसले ती गल्लीतल्या डॉक्टरांच्या दवाखान्याची होती. डॉक्टरांनी त्यांना आत घेतलं, छातीचा फोटो काढायला पाठवलं आणि तो फोटो खिडकीशी धरून पाहिला.

मग डॉक्टरांनी समजावलं. श्वासाच्या नळ्यांत आतून बारीक बारीक केस असतात. आत आलेली धूळ, कफ, काजळी झाडत झाडत वर आणायची हे त्यांचं काम. धुरानं ते लुळे पडतात. माणसानं ओढणं सोडलं की ते हळूहळू पुन्हा हलायला लागतात, आतली सफाई सुरू होते, नाक आणि जीभ ताळ्यावर येते, दम लागणं कमी होतं. जे पार खलास झालंय ते येत नाही, पण जे नुसतं दबून बसलंय ते उठतं.

डॉक्टरांनी हे सगळं आणखी पाचपन्नास पेशंटांना सांगितलं असेल. पण काकांनी ऐकलं ते असं: काम बंद पडलेल्या एका खात्यात सगळ्या झाडूवाल्यांना कामावर परत घेतलं जात आहे.

घरी येऊन त्यांनी उरलेली बंडलं नळाखाली धरली. आणि दुसऱ्या दिवशी मिलच्या फाटकावर गेले. तिथं अजूनही जुने सोबती सवयीनं सकाळी येऊन बसत. काकांनी त्यांना सांगितलं की बाहेर सरकार काय करतं ते सोडा, माझ्या छातीत भरती चालू झाली आहे. कुणालाही काढलेलं नाही. लोकांना आधी वाटलं की शितोळे दुःखानं सटकला.

भरतीचा पहिला परिणाम असा झाला की काकांचा खोकला वाढला. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की सफाई सुरू झाली की काही आठवडे खोकला जास्त येईल, घाबरू नका. काका घाबरणार कसले. ते खोकल्याची वाट पाहायला लागले. सकाळी ओट्यावर बसून, गुडघ्यावर हात टेकून, ते मन लावून खोकत आणि मग समाधानानं म्हणत, "माल निघतोय." गल्लीत कुणी सहानुभूती दाखवली तर त्यांना राग यायचा. "खांसी नाही ही, सफाई आहे." आणि मग मालाचा रंग, दाटपणा, कालच्या आणि आजच्या मालातला फरक यांचं वर्णन. आम्ही राहायला गेलो तेव्हा हा भाग जवळजवळ संपला होता, याबद्दल रंजना आजही देवाचे नाही, पण टेम्पोवाल्याच्या उशिरा मिळण्याचे आभार मानते.

छातीचा तो फोटो त्यांनी बाहेरच्या खोलीच्या खिडकीला पडद्याच्या जागी लावला. सकाळचं ऊन पडलं की काकांच्या फासळ्या सगळ्या खोलीत उजळत. पाहुण्याला चहाआधी फोटोसमोर उभं करत. पट्टी घेऊन दाखवत, हे वरचं खातं, हे खालचं खातं, इथं धूर साठला होता. त्यांच्या मुलानं पुण्याहून फोनवर सांगून पाहिलं की बाबा, पडदा लावा, लोक हसतात. काकांनी उत्तर दिलं की तुझ्या कंपनीत शो-रूम असते की नाही.

मग नाक परत आलं.

माणसाचं नाक परत येणं ही चांगली गोष्ट आहे, असं डॉक्टरांना वाटतं, कारण ते त्या माणसाच्या शेजारी राहत नाहीत. इतक्या वर्षांनी मिळालेलं नाक काका दिवसभर वापरत. बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे खीर असते. रंजनानं ती पातेल्यातून दुसऱ्या भांड्यात काढली, वेलदोडा घातला, पाहुण्यांनी वाहवा केली, आणि काका फाटकातूनच म्हणाले, "वहिनी, दूध खाली लागलं होतं ना?" रंजना पुढचे आठ दिवस त्यांच्याशी फक्त डाव्या बाजूबद्दल बोलली, उजवीची चौकशी बंद.

कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या दुकानात तर त्यांनी कहर केला. ते कढईजवळ उभे राहत, डोळे मिटून वास घेत आणि आलेल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात तेल कालचं की परवाचं ते सांगत. दुकानदार आधी चिडला, मग गयावया करायला लागला, आणि शेवटी तेल रोज बदलायला लागला. त्याचा धंदा वाढला. त्यानं काकांना फुकट जिलेबी देऊ केली. काका म्हणाले, "भिया, जिलेबीचं तूपबी बदल, मग खातो."

नाकापाठोपाठ दम आला. दम मोजायचा कसा, हा प्रश्न होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पेटलेली काडी तोंड उघडं ठेवून फुंकून विझवता येते का पाहा. ज्या काड्यांनी बिडी पेटवायची त्याच विझवायच्या, ही कल्पना काकांना इतकी पसंत पडली की ते येणाऱ्याजाणाऱ्याला काडी पेटवायला लावत आणि दर आठवड्याला एक पाऊल मागे सरकत. आमच्या मुलीच्या, मितालीच्या, वाढदिवसाला आम्ही गल्लीतली मुलं बोलावली होती. केक आला, मेणबत्त्या लागल्या, सगळे गाणं म्हणायला लागले. काका दारात उभे होते. समोर इतक्या ज्योती एका ओळीत बघून त्यांना राहवलं नाही. गाणं संपायच्या आत सगळ्या मेणबत्त्या विझल्या.

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मितालीनं भोकाड पसरलं. काका आधी आनंदानं म्हणाले, "दारापासून, कांबळेजी, दारापासून," आणि मग तिच्याकडे बघून पायरीवर मागे सरकले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जाड मेणबत्त्यांचं पुडकं घेऊन आले. त्यांनी त्या आमच्या ओट्यावर ओळीनं लावल्या, स्वतः तोंडावर रुमाल बांधून लांब उभे राहिले आणि तिला म्हणाले की आता तू फुंक, मी श्वासबी घेत नाही. तिचं फुंकून होईपर्यंत त्यांनी खरोखरच घेतला नसावा. रुमाल सोडला तेव्हा ते जांभळे झाले होते.

त्या दिवसांत बाजारात रोज काहीतरी नवं येत होतं. गल्लीत केबल आली, पानाच्या टपरीवर गुटख्याच्या पुड्यांच्या चकचकीत माळा लटकायला लागल्या, आणि एका संध्याकाळी चौकात लाल टोप्या घातलेली दोन पोरं नव्या सिगरेटी फुकट वाटायला उभी राहिली. लाइन लागली. लाइनीत काका. ते सिगरेट घेत, पलीकडे जाऊन तिचा चुरा गटारात टाकत आणि पुन्हा लाइनीत येत. बऱ्याच फेऱ्यांनंतर पोरांनी ओळखलं. अंकल, आपको तो दी थी, असं एक जण म्हणाला. काका म्हणाले, "भिया, तुम्हारा सबसे पक्का ग्राहक मैं ही हूँ."

भांडण होणार असं दिसलं तेव्हा त्या पोरानं हुशारी केली. त्यानं आपल्या डोक्यावरची टोपी काढून काकांना भेट दिली आणि हात जोडले. सिगरेट सोडली तर काकांना फुकट मिळालेली वस्तू फेकून देणं जमत नसे. पुढचं वर्षभर शितोळे काका, डोक्यावर सिगरेटच्या कंपनीचं नाव मिरवत, टपरीसमोर उभे राहून लोकांना सिगरेट सोडायला सांगत होते. कंपनीलाही इतका प्रामाणिक माणूस दुसरा मिळाला नसेल.

त्याच वर्षी त्यांनी महूच्या पुढच्या मानपुरला जायला सुरुवात केली. रविवारी सकाळी बस पकडायची, संध्याकाळी परत. विचारलं तर सांगत, फेफड्यांना घाटाची हवा देऊन आणतो. इंदुरात टेम्पोंचा धूर फार झाला, मानपुरच्या पुढं घाट लागतो, तिथं उभं राहून अर्धा दिवस श्वास घेतला की हप्ताभराचं काम होतं. गल्लीला हे पटलं. माणूस फेफड्यांना सहलीला नेतो, यात काकांच्या बाबतीत नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

एका रविवारी मला महूला आत्याकडे जायचं होतं. मितालीची परीक्षा होती म्हणून मी एकटाच स्कूटरवर निघालो, तर काका स्टँडकडे चाललेले दिसले. मी त्यांना मागे बसवलं. महूत आत्याकडे चहा झाला. काकांनी आत्याला दोन्ही बाजूंचा रिपोर्ट दिला. मग मला वाटलं, आता इतकं आलोच आहे तर आपणही ती हवा घेऊन बघावी. मी म्हटलं, चला, तुम्हाला घाटापर्यंत सोडतो. काका नको नको म्हणाले. बस मिळेल, तुम्हाला उशीर होईल, पेट्रोल जळेल. मी ऐकलं नाही.

मानपूर आलं. घाट पुढे होता, पण काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून स्कूटर गावातच थांबवायला सांगितली. हमरस्त्याला लागून टायर-पंक्चरचं दुकान, त्याच्या मागं एक लहान घर. दारात एक बाई धान्य निवडत बसल्या होत्या. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "दाजी, आज उशीर केला." काकांनी माझ्याकडे न बघता सांगितलं की ही विमल, हिची सख्खी धाकटी बहीण. "हिची" म्हणजे काकूंची. मी घाटाबद्दल काही विचारलं नाही.

विमलताईंनी ताटं घेतली. भात, मक्याची पोळी, लसणाची चटणी आणि कढी. कढीला मेथीदाण्यांची फोडणी होती आणि गुळाचा खडा घातलेला असावा. मी जेवायला सुरुवात केली आणि काका काय म्हणतात याची वाट पाहत राहिलो. फोडणी किती लागली, ताक किती आंबट होतं, काहीतरी म्हणतील. वाटी दोन्ही हातांत धरून त्यांनी आधी नुसता वास घेतला, मग एक घोट घेतला आणि तोंडात तसाच ठेवला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "विमल, कढी छान झालीय."

"वाढू?"

"वाढ."

दुसरी वाटी संपली तेव्हा ते पुन्हा म्हणाले, तितक्याच हळू, की कढी छान झालीय हं. जेवून ते हात धुवायला मागच्या अंगणात गेले आणि तिथंच बाजेवर टेकले.

विमलताई ताटं उचलत होत्या. मी म्हटलं, काका नेहमी येतात वाटतं. त्या म्हणाल्या, येतात, आणि काहीही केलं तरी कढीच मागतात. बिडी सोडल्यावर पहिल्यांदा आले ते माझ्या मुलाच्या साखरपुड्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरचं जेवण होतं. वाटी तोंडाला लावली आणि थांबले. विचारायला लागले की ही कशी केलीस. मी म्हटलं, नवीन काय त्यात, आमच्या आईची कढी आहे, ताई तुम्हाला रोज हीच करून घालत होती.

त्यांनी मागच्या अंगणाकडे पाहिलं. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "मला रागच आला होता त्या दिवशी. जन्मभर हे ताईला म्हणत राहिले, तुझ्या हाताला चव नाही. शेवटी शेवटी ताई इथं यायची आणि मला चाखायला लावायची. म्हणायची, विमल, खरं सांग, माझा हात गेला का गं? मी म्हणायचे, नाही गं, छान झालीय. तिला खरं वाटायचंच नाही."

"हे काकांना माहीत आहे?"

"मीच सांगितलं ना. तेव्हाच, त्याच जेवणावर."

"काय म्हणाले?"

"काही नाही. आणखी कढी मागितली. आणि बसस्टँडवर निघाले तेव्हा परत आले दारातून, आणि म्हणाले, छान झाली होती. मी म्हटलं, मला काय सांगता दाजी. तर म्हणाले, मग आता कुणाला सांगू."

परतीच्या वाटेवर काका मागे बसले होते. महू गेलं, राऊ गेलं. समोरून येणारे ट्रक धुराचे लोट सोडत जात होते आणि त्यावरही त्यांनी काही मत दिलं नाही. इंदुरातले दिवे दिसायला लागले तेव्हा ते माझ्या कानाशी वाकले.

"कांबळेजी, वहिनींच्या हाताला चव आहे. त्यांना सांगत जा."

मी म्हटलं, सांगेन.

"सांगेन नाही. आज सांगा."

गल्लीत पोचल्यावर ते उतरले, टोपी सारखी केली आणि कुलूप काढून आत गेले. मी स्कूटर लावून घरात आलो. रंजना स्वयंपाकघरात होती. मी दारात उभा राहिलो. शेवटी म्हटलं, भाजी छान झालीय.

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. "अजून चिरतेय," ती म्हणाली.